निकॉन २००-५०० एफ/५.६ : मुंबईच्या आकाशातल्या घारी, गरुड आणि भोवत्यांसाठी

निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ ही झूम लेन्स २०१५ साली आली, साधारण १४०० डॉलरला. एवढ्या पैशांत ५०० मिमीपर्यंत एफ/५.६ अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं तेवढं मोठं छिद्र, टिकवणारी दुसरी लेन्स तेव्हा निकॉनकडे नव्हती. आता लोक आरसा असलेले डीएसएलआर कॅमेरे विकून बिनआरशाच्या मिररलेसकडे वळलेत, त्यामुळे वापरलेल्या मालाच्या बाजारात ती बऱ्या अवस्थेत मिळू लागली आहे. हे परीक्षण एका कामापुरतंच आहे : मुंबईत आणि ठाणे खाडीपलीकडे उडणाऱ्या शिकारी पक्ष्यांचे फोटो. बाकी कशासाठी ती कशी चालते, ते इथे नाही.

निकाल आधीच सांगते. घार, ब्राह्मणी घार, दलदल भोवत्या (मार्श हॅरियर), कापशी (लहान करडी-पांढरी घार) आणि ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) यांच्यासाठी ही लेन्स पुरेशी आहे. बहिरी ससाणा आणि शिक्रा यांच्यासाठी ती मंद आहे. आणि मुंबईत जे फोटो बिघडतात त्यांतले बहुतेक काचेमुळे बिघडतच नाहीत. मधली हवा वाईट असते, उभं राहायची जागा चुकलेली असते किंवा फोकस उशिरा सुरू केलेला असतो. म्हणून पुढे लेन्सइतकंच या तीन गोष्टींबद्दलही लिहिलं आहे, कारण त्या सोडून या लेन्सचं मोल करता येत नाही.

आधी वजन. ट्रायपॉडला लावायच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम, कॉलर काढली की २०९०. निकॉनची डी५०० बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बॅटरी आणि कार्डासह ८६० ग्रॅमची, म्हणजे हातात तीन किलोच्या वर जातं. आकाशातल्या पक्ष्यांसाठी ट्रायपॉड फारसा कामाचा नाही. घार डोक्यावरून जाते तेव्हा हेड तेवढं मागे झुकत नाही, आणि मोनोपॉडचंही तेच. त्यामुळे हे काम हातावरच होतं. कॉलर सरळ काढून घरी ठेवा. २१० ग्रॅम कमी होणं चाळीस मिनिटांनंतर दंडाला नक्की कळतं. ठेवायचीच असेल तर पाय वरच्या बाजूला फिरवा, म्हणजे तळहाताला थेट नळी मिळते. ट्रायपॉडवर लावणार असाल तर पायाला ट्रायपॉडवर थेट अडकवायची आर्का पद्धतीची खाच नाही, वेगळी प्लेट लागते.

झूम केल्यावर लेन्स पुढे लांब होते आणि तोल पुढे सरकतो. २०० वर हात जिथे बरा वाटतो तिथे तो ५०० वर बरा वाटत नाही. सवय ५०० वरच्या पकडीची करा : डावा तळहात झूमच्या कड्याखाली, डावं कोपर छातीला टेकलेलं. फोकसचं कडं मागे, बॉडीच्या जवळ आहे; तिथे अंगठा लागला तर ऐन वेळी फोकस हलतो. दुसरी अडचण झूमच्या फिरकीची. २०० पासून ५०० पर्यंत मनगटाच्या एका वळणात जाता येत नाही, मध्ये पकड बदलावी लागते, आणि पकड बदलताना पक्षी चौकटीतून निघून जातो. यावर एकच तोडगा टिकाऊ आहे. पक्षी दिसण्याआधीच झूम ४०० वर लावून ठेवायचा. तिथून ५०० पर्यंत एका हालचालीत पोचता येतं, आणि पक्षी फार जवळ आलाच तर ३०० पर्यंत मागेही.

आता ५०० मिमी प्रत्यक्षात किती, ते आकड्यांत पाहू. डी५०० किंवा डी७५०० सारख्या डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर, ५०० मिमीला, ५० मीटरवरच्या चौकटीची रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. घारीचे पंख पसरल्यावर दीड मीटरच्या थोडे आत, म्हणजे ५० मीटरवर ती चौकटीचा जवळपास साठ टक्के भाग व्यापते. १०० मीटरवर तीस टक्के. डी५०० च्या ५५६८ पिक्सेल रुंदीत तिच्या वाट्याला सतराशेच्या आसपास पिक्सेल येतात. ते कापून स्क्रीनवर दाखवायला ठीक, मोठ्या छपाईला नाही. त्यापुढे मोह सोडावा. फुल-फ्रेम बॉडीवर हीच चौकट ५० मीटरला ३.६ मीटर होते, म्हणून मुंबईतल्या घारींसाठी ही लेन्स डीएक्स बॉडीवर जास्त फळते.

जवळच्या पक्ष्याचा हिशेब वेगळा. एफ/५.६ ला ३० मीटरवर स्पष्टतेची खोली सगळी मिळून ऐंशी सेंटिमीटर असते, १५ मीटरवर जेमतेम वीस. म्हणजे घार वळताना एक पंख तुमच्याकडे आणि दुसरा पलीकडे असेल, तर दोन्ही टोकं एकदम स्पष्ट येणारच नाहीत. डोळा स्पष्ट असला की फोटो जमला असं धरा. ५०० ला पूर्ण उघड्या अपर्चरवर लेन्स किंचित मऊ आहे, एफ/७.१ वर ती चांगली सावरते. पण त्यासाठी दोन-तृतीयांश स्टॉप प्रकाश द्यावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजेड भरपूर असेल तरच तो द्या. चांगल्या उजेडात ती मऊ कडा एडिटिंगमध्ये सहज सुधारते. शटर कमी पडल्याने आलेला धूसरपणा मात्र सुधारत नाही.

शटरबद्दल एक हिशेब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. ५० मीटरवर सेकंदाला १० मीटर वेगाने आडवी जाणारी घार, ५०० मिमीला, सेन्सरवर सेकंदाला १०० मिमी वेगाने सरकते. कॅमेरा स्थिर धरला तर १/२००० सेकंदातही तिची प्रतिमा सुमारे बारा पिक्सेल ओढली जाते. कॅमेरा तिच्याबरोबर नीट फिरवला आणि वेगातला फरक एक-दशांशावर आणला, तर ओढ एखाद्याच पिक्सेलवर येते. म्हणजे शटर कितीही वाढवा, कॅमेरा पक्ष्यासोबत फिरवायला शिकल्याशिवाय सुटका नाही. पाय आधी तिकडे रोखा जिथे फोटो संपणार आहे, आणि कमरेतून मागे वळून पक्षी घ्या. म्हणजे महत्त्वाच्या क्षणी शरीर सैल होत असतं, पिळलं जात नसतं. तरंगणाऱ्या घारीला १/१६०० पुरतं. सूर मारणाऱ्या किंवा वाऱ्यात पंख झटकणाऱ्या पक्ष्याला १/२५०० ते १/३२००. बहिरी ससाण्यासाठी १/४००० च्या खाली जाऊ नका.

फोकस हा या लेन्सचा खरा कच्चा भाग आहे. तिची फोकसची मोटर मोठ्या किमतीच्या प्राइम लेन्सइतकी चपळ नाही. पक्षी एकदा पकडला की ती त्याला सोडत नाही, पण पकडण्याआधी रिकाम्या आकाशात गेली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून परत येते, आणि तोवर घार गेलेली असते. म्हणून चार गोष्टी करा. लेन्सवरचा फोकस मर्यादेचा स्विच पूर्णवरून काढून ६ मीटर ते अनंतावर ठेवा. पक्षी येण्याआधी त्याच अंतरावरच्या एखाद्या झाडावर किंवा पाण्याच्या टाकीवर फोकस करून थांबा. फोकसचं काम कॅमेऱ्याच्या मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्या आणि शटरवरून काढून टाका. फोकस घसरला असं वाटलं तर बटण दाबून धरू नका; सोडा, पुन्हा त्या टाकीवर फोकस घ्या, आणि मग पक्ष्यावर या. सगळ्यात जास्त वेळ बटण दाबून धरल्यानेच वाया जातो.

एएफ-सी (सतत चालणारा फोकस) अर्थातच. कोऱ्या आकाशात ग्रुप एरिया (फोकस बिंदूंचा गट) उत्तम चालतो, कारण तो जवळची वस्तू पकडतो आणि आकाशात जवळची वस्तू म्हणजे पक्षीच. पण घार इमारतीसमोरून किंवा भोवत्या तिवरांवरून गेला की हाच ग्रुप मध्ये आलेल्या फांदीवर बसतो. तिथे २५ बिंदूंचा डायनॅमिक वापरा. लॉक-ऑनची (मध्ये काही आलं तरी फोकस किती वेळ पक्ष्यावरच धरायचा, त्याची) किंमत कोऱ्या आकाशासाठी २ ते ३, मागे इमारती असतील तेव्हा ४ ते ५. मुंबईत हा फरक जास्त जाणवतो, कारण मागे खिडक्यांच्या सरळ, ठळक रेषा असतात आणि फोकसला त्या घारीच्या तपकिरी अंगापेक्षा जास्त आवडतात. लेन्सला पक्षी सापडत नसेल तर दोष डोळ्यांचा असू शकतो, तोही तपासा : नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्याकडे आणायचा. खाली कॅमेऱ्याकडे पाहून मग वर शोधायला लागलात की ५०० मिमीच्या अरुंद चौकटीत तो मिळत नाही. हॉट-शूवर (फ्लॅश लावायच्या खाचेवर) लाल ठिपक्याचा साइट लावला तर हे काम बरंच सोपं होतं.

डीएसएलआरवर फोकस फाइन-ट्यून केल्याशिवाय, म्हणजे त्या लेन्ससाठी फोकसची बारीक दुरुस्ती कॅमेऱ्यात साठवल्याशिवाय, लेन्सला नावं ठेवू नका. डी५०० मध्ये एका लेन्ससाठी एकच आकडा साठवता येतो, २०० आणि ५०० साठी वेगळे नाहीत. त्यामुळे ट्यूनिंग ५०० वरच करा, आणि लक्ष्य दोन मीटरवर न ठेवता वीस-तीस मीटरवर ठेवा. मिररलेस झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टरने लेन्स चालते आणि हा प्रश्नच उरत नाही, कारण फोकस सेन्सरवरच मोजला जातो. १.४ टेलिकन्व्हर्टर लावून ७०० मिमी एफ/८ करण्याच्या भानगडीत पडू नका : डी५०० वर मधले मोजकेच फोकस बिंदू चालतात, फोकस आणखी मंदावतो आणि मुंबईची हवा ७०० मिमीला बहुतेक दिवशी साथ देत नाही.

त्या हवेबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा उत्तम हंगाम, आणि धुरक्याचाही तोच. सकाळी जमिनीलगतचा थंड हवेचा थर धूर आणि धूळ दाबून धरतो, त्यामुळे क्षितिजालगतचं आकाश करडं आणि मळकट असतं. ऊन तापलं की दुसरी पीडा सुरू होते : खाडीचा चिखल, मिठागरं आणि डांबर यांच्यावरून गरम हवा वर उठते आणि १०० मीटरवरच्या पिसांच्या रेघा विरघळून जातात. बरेच जण याला फोकस चुकला असं समजून लेन्स दुरुस्तीला नेतात. ओळखायची खूण सोपी आहे. एकापाठोपाठ घेतलेल्या दहा फोटोंत स्पष्टता यादृच्छिकपणे बदलत असेल, आणि कडा कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वाकत असतील, तर ती हवा. दहाही फोटो एकसारखेच मऊ असतील तर ते ट्यूनिंग. उपाय दोनच : साडेनऊच्या आत आडवे फोटो उरकायचे, आणि त्यानंतर कॅमेरा वर करायचा. डोक्यावरच्या घारीकडे पाहताना तापलेल्या थरातला प्रवास थोडा असतो, म्हणून अकरा वाजताही ती स्पष्ट येते, त्याच वेळी खाडीवरचा भोवत्या मात्र मेणासारखा दिसतो.

आता जागेचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तरंगणारा किंवा उतरणारा शिकारी पक्षी वाऱ्याला तोंड करतो. मुंबईत हिवाळ्याच्या सकाळी मतलई वारे जमिनीकडून, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडून येतात आणि सूर्यही पूर्वेला असतो. दुपार कलली की खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि सूर्यही पश्चिमेला गेलेला असतो. म्हणजे दोन्ही वेळांना पक्ष्याचं तोंड उन्हाकडे. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीवर येतील असे उभे राहिलात की पक्षी तुमच्याकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड घेऊन तरंगतो, आणि डोळ्यात चमक येते. किनाऱ्यावरच्या शहराला मिळालेली ही देणगी आहे, ती वाया घालवू नये.

याचा अर्थ ठिकाणांचीही वेळ ठरते. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने खाडी पूर्वेला आहे. सकाळी तिकडे तोंड केलं की सूर्य डोळ्यात आणि घार काळी. सकाळी तिथे पाठ खाडीकडे करून पश्चिमेच्या तिवरांकडे पाहा, किंवा सरळ संध्याकाळी जा. सकाळी खाडीवरचेच पक्षी हवेत तर ऐरोलीच्या बाजूला जायचं, तिथून खाडी पश्चिमेला येते. शिवडीच्या चिखलपट्टीलाही दुपारनंतरचंच ऊन बरं. मरीन ड्राइव्हवर किंवा वरळीला संध्याकाळी लोक समुद्राकडे तोंड करून उभे असतात. घारींसाठी समुद्राकडे पाठ करून इमारतींकडे पाहा. खारा वारा इमारतींच्या भिंतींवर आपटून वर उठतो आणि त्या उचलत्या हवेवर घारी जागच्या जागी तोलत राहतात, कधी पाचव्या मजल्याच्या उंचीवर. सरावासाठी याहून चांगली जागा नाही, आणि रोज मिळते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सर्पगरुडासाठी लवकर जाण्यात अर्थ नाही. ऊन तापून हवा वर उठू लागली की तो घिरट्या घेतो आणि त्याची शीळ आधी ऐकू येते. खालच्या रस्त्यावरून फक्त पोट दिसतं. कान्हेरीच्या वरच्या लेण्यांपर्यंत चढलात तर तो निदान कधी कधी नजरेच्या पातळीवर येतो, आणि मागे आकाशाऐवजी जंगल मिळतं. सोमवारी उद्यान बंद असतं. आणि मोठी लेन्स घेऊन बंदर, नौदल, शुद्धीकरण कारखाने यांच्या दिशेने नेम धरू नका. शिवडी आणि ट्रॉम्बेच्या पट्ट्यात हे विसरायला होतं. सुरक्षारक्षकाने हटकलं तर वाद घालायचा नाही, कॅमेरा खाली करायचा.

पक्ष्याचं अंग वाचता आलं तर लेन्सचा मंदपणा निम्म्याने भरून निघतो. घार वळण्याआधी तिची शेपटी तिरकी होते. ती पिळलेली दिसली की पुढच्या क्षणी पंख उभा राहणार, बर्स्ट (सलग फोटो) तिथे सुरू करा. उडता उडता मान खाली घालून पाय पुढे आले तर ती पंजातला घास खाते आहे, मान वर यायची वाट पाहा. कापशी एका जागी पंख फडफडवत टांगून राहते, तेव्हा फोकस निवांत घ्या, पण ती खाली पडेल त्याच्या तयारीत राहा. ऑस्प्रेही पाण्यावर असाच थांबतो. पाय लोंबले की सूर मारणार. भोवत्या गवतावर आणि तिवरांवर खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, ठरलेल्या पट्ट्यात येरझाऱ्या घालतो. त्याच्या मागे धावू नका, पट्ट्याच्या टोकाशी बसून राहा, तो परत येतो. शिक्रा मात्र चार फटके, एक तरंग करत झाडांमधून जातो आणि तिथे ही लेन्स हरते. ते मान्य करून पुढे जावं.

एक्स्पोजर मॅन्युअलवर, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवणं) बंद. कारण घार आकाशासमोरून इमारतीसमोर आणि परत आकाशात जाते. तिच्यावरचा उजेड तोच असतो, पण कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर दर वेळी मागचं पाहून मत बदलतं. लख्ख उन्हात मध्यम रंगाच्या वस्तूला एफ/५.६, १/३२०० आणि आयएसओ ४०० बरोबर येतं. घार तपकिरी, आणि आपण तिची सावलीतली बाजू बघतो, म्हणून एक स्टॉप वाढवा : १/२०००, आयएसओ ५००. धुरक्यात आयएसओ ८०० ते १०००. आकाश थोडं पांढरं पडलं तर पडू द्या. ब्राह्मणी घारीला उलटं : डोकं आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. घारीचं सेटिंग तसंच ठेवलं तर डोक्यावरची पिसं जळून जातात आणि ती परत मिळत नाहीत. तिच्यासाठी निदान दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा आणि एक फोटो घेऊन लगेच हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड पाहा. लेन्सच्या पूर्ण नावातलं (२००-५०० एफ/५.६ई) ई म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक अपर्चर. सेकंदाला दहा फोटोंच्या बर्स्टमध्ये एक्स्पोजर डगमगत नाही, हा त्याचा फायदा खरा आहे.

ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात. गर्दी फ्लेमिंगोंसाठी असते, पण ठाणे खाडीच्या त्या पट्ट्यात शिकारी पक्षी पाण्याच्या पातळीवरून दिसतात आणि तो कोन किनाऱ्यावरून मिळत नाही. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून आधी विचारून जा. बोटीवर ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून थेट लेन्समध्ये येते. उभे राहा, गुडघे किंचित वाकवा, काठाला टेकू नका. व्हीआर (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) इथे स्पोर्टवर. चौकट तरंगत नाही आणि पक्ष्याबरोबर फिरताना उडी मारत नाही. जमिनीवर १/१६०० च्या पुढे मी व्हीआर बंदच ठेवण्याच्या मताची आहे, नॉर्मल तर कधीच नको. लेन्सवरचे चारही स्विच डाव्या बाजूला उघडे आहेत आणि पिशवीत घासून सरकतात. मनासारखे लावून वरून कागदी टेप मारा, दहा रुपयांत मोठा मनस्ताप वाचतो.

बोटवाल्याने किंवा सोबतच्या कोणी पक्षी जवळ आणायला मासे किंवा मांस टाकायचं सुचवलं तर नाही म्हणा. घारी त्या जागी आणि त्या माणसांना सरावतात, आणि मग रस्त्यावरच्या मुलाच्या हातातलंही झडप घालून नेतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत घारींची घरटी असतात. घार तुमच्याच डोक्यावरून पुन्हा पुन्हा सूर मारत असेल तर फोटोचं भाग्य समजू नका, तिथून हटा, घरटं जवळ आहे. जानेवारीत फोटो मोठे करून पंख आणि पाय पाहत जा. अडकलेला मांजा तुमच्या ५०० मिमीला बहुधा सगळ्यांआधी दिसतो, आणि जागा व वेळ नोंदवून वनविभागाला किंवा पक्षी वाचवणाऱ्या लोकांना कळवता येतं.

दमटपणा हा लेन्सचा मुंबईतला मुख्य शत्रू. झूम करताना नळी आत-बाहेर होते आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते. पावसाळ्यात ती हवा ओली असते. कोरड्या कपाटात ४० ते ४५ टक्के आर्द्रतेवर ठेवा. कपाट नसेल तर घट्ट डब्यात सिलिका जेल, आणि ते दर महिन्याला तापवून वाळवायचं. एसी खोलीतून किंवा गाडीतून बाहेर काढताना पिशवी बंदच ठेवून अर्धा तास थांबा, नाहीतर काचेवर आणि आतही दव धरतं. ९५ मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर लावू नका. ५०० मिमीला तो स्पष्टता खातो. पुढची काच हुडच सांभाळतं.

पर्यायांबद्दल थोडक्यात. वजन सोसत नसेल आणि निकॉन डीएसएलआरच वापरायचा असेल तर २०१८ ची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ १४६० ग्रॅमची आहे, फोकसही चपळ. पैसे असतील तर उडत्या पक्ष्यांसाठी ती निर्विवाद चांगली. झेड बॉडी असेल तर २०२३ ची १८०-६०० घ्या : तिची नळी लांब होत नाही, झूमची फिरकी छोटी आहे आणि ६०० ला एफ/६.३ म्हणजे फक्त एक-तृतीयांश स्टॉपचं नुकसान. या लेन्सच्या झूमच्या दोन्ही तक्रारी तिथे मिटतात. हातात आधीच डी५००, डी७५०० किंवा डी७२०० असेल आणि बजेट आखडतं असेल, तर मात्र २००-५०० लाच माझं मत.

वापरलेली घेताना आधी बॉडी तपासा : डी९०, डी८०, डी२००, डी३००० अशा जुन्या बॉडींवर ई प्रकारच्या लेन्सचं अपर्चर चालत नाही. मग झूम अगदी सावकाश पूर्ण फिरवा. कुठे वाळू करकरल्यासारखं वाटलं किंवा बाहेर आलेली नळी हातात खुळखुळली तर सोडून द्या. मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून तिरकं पाहा. धुळीचे चार कण चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी, ती नको. व्हीआर सुरू करून शटर अर्धं दाबा, चित्र शांत बसलं पाहिजे, उडी मारता कामा नये. ५०० वर समोरच्या इमारतीच्या ग्रिलचा सरळ फोटो घ्या आणि चारही कोपरे सारखे आहेत का ते बघा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे. शेवटी दुकानाच्या दारात या आणि वर पाहा. कॅमेऱ्यांची दुकानं असलेल्या फोर्टातल्या बोरा बाजारावर दिवसा घार दिसतेच. दर वेळी बटण सोडून, जवळच्या पाटीवर फोकस आणून, पुन्हा तिच्यावर फोकस घेत वीस फोटो काढा आणि तिथेच शंभर टक्के मोठे करून बघा. बारा-चौदा फोटोंत डोळा स्पष्ट असेल तर पैसे मोजा.